दुखण्याला शब्द हवेत
(महिला गटांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



सल्ला केंद्रात बाई येते ती मारहाणीची, पोटगीची तक्रार घेऊन. तासभर बोलते आणि उठता उठता म्हणते, "ताई, कंबर फार दुखते हो." विचारलं तर कळतं, तीन-चार वर्षं दुखतेय. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. दवाखान्यात सांगतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका. मग ती बोलायचंच सोडून देते.

म्हणून आज मी रोनाल्ड मेलझॅक या शास्त्रज्ञाच्या कामाविषयी बोलणार आहे. जन्म १९२९, मॉन्ट्रियल, कॅनडा. मॅकगिल विद्यापीठातून १९५४ साली मानसशास्त्रात पीएच.डी. त्या काळी समज असा होता, की दुखणं हे घंटेसारखं. इजा जेवढी, तेवढा आवाज. इजा दिसत नसेल, तर दुखणंही नाही.

पुढे अमेरिकेत ओरेगॉनच्या एका दवाखान्यात त्यांना मधुमेहाने पाय गमावलेली एक वृद्ध बाई भेटली. जो पाय उरलाच नव्हता, तोच तिला दुखत होता. ती ते दुखणं नेमक्या शब्दांत सांगायची. मेलझॅक ते शब्द टिपून घेऊ लागले.

१९६५ साली पॅट्रिक वॉल यांच्यासोबत त्यांनी 'दाराचा सिद्धांत' मांडला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं. ते दुखण्याचे संदेश कमी-जास्त प्रमाणात वर सोडतं. स्पर्शाचे संदेश ते दार ओढून घेतात, म्हणून आपटलेला गुडघा चोळला की बरं वाटतं. मेंदूही वरून त्या दारावर ताबा ठेवतो. म्हणजे भीती, झोपमोड, ताण यांनी दुखणं वाढतं. पण म्हणून ते खोटं ठरत नाही. सिद्धांतातले काही तपशील पुढे बदलले, हा गाभा मात्र टिकला.

१९७५ साली त्यांनी टिपलेल्या शब्दांतून मॅकगिल प्रश्नावली तयार झाली. त्यात ७८ शब्द, २० गटांत. काही शब्द दुखणं कसं आहे ते सांगणारे, काही ते माणसाला कसं पिडतं ते सांगणारे. रुग्णाचं बोलणं हाच पुरावा मानला गेला, ही मोठी गोष्ट. मेलझॅक २०१९ साली वारले.

पण प्रयोगशाळेतही आपला प्रश्न होताच. मॅकगिलचेच जेफ्री मोगिल यांनी २००५ साली 'पेन' या नियतकालिकातले आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले. निदान ७९ टक्के प्रयोग फक्त नरांवर झाले होते! आणि २०१५ साली त्यांच्या गटाला दिसलं, की उंदरांमध्ये दीर्घ दुखण्यामागच्या प्रतिकारपेशी नरात वेगळ्या आणि मादीत वेगळ्या असतात.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तेव्हा 'मनाचं आहे' म्हणण्याआधी तपासलं कुणी, हे विचारायलाच हवं.

आता आपलं काम. आपल्या बायकांकडे शब्दांची वानवा नाही. ठणकतं, ठसठसतं, कळ येते, चमक निघते, रग लागते, आग होते, मुंग्या येतात, पिळवटून निघतं. यातला प्रत्येक शब्द वेगळं काही सांगतो. आपल्या केसपेपरवर मात्र आपण एवढंच लिहितो: 'अंगदुखी'.

माझी सूचना साधी आहे. बाईचा शब्द तिच्याच भाषेत लिहा. कुठे, कधीपासून, पाळीच्या आधी की नंतर, पाणी भरल्यावर की रात्री, त्यामुळे कोणतं काम अडतं, झोप लागते का, हे विचारा. महिनाभर नोंद ठेवा आणि तो कागद घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात जा. मारहाण झाली असेल तर तेही सांगा, अर्थात तिला विचारूनच.

डॉक्टर 'काही नाही' म्हणाले, तर भांडू नका; पण कागद पुढे करा. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आता स्वतंत्र स्थान आहे. ही यादी २०२२ पासून लागू आहे. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली स्पष्ट म्हटलंय, की माणूस दुखतंय म्हणतो, त्या म्हणण्याचा मान राखायला हवा.

दवाखान्याने तो मान राखावा अशी मागणी आपण करूच. पण सुरुवात आपल्या केसपेपरपासून करू या.