कॅप्टन नेमोची दुसरी भेट

एका कादंबरीतलं पात्र त्याच लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीत भेटलं, की चोखंदळ वाचक आधी तारखा ताडून पाहतो. फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न या परीक्षेत साफ नापास होतो.

‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ ही कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः छापली गेली. तिच्यात प्रोफेसर अरोनॅक्स १८६८च्या जूनमध्ये नेमोच्या ‘नॉटिलस’ पाणबुडीवरून निसटतो. ‘मिस्टीरियस आयलंड’ आली १८७४-७५ मध्ये. तिच्यात १८६८च्याच ऑक्टोबरात नेमो मरणशय्येवर आहे. वयाची साठी उलटलेली, साथीदार सगळे गेलेले, आणि अरोनॅक्स नॉटिलसवर आला त्याला म्हणे सोळा वर्षं झाली! शेवटी पुस्तकात तळटीप घालून ही विसंगती मान्य करावी लागली.

पण माणूस मात्र तोच आहे. पहिल्या कादंबरीत सिलोनच्या समुद्रात नेमो एका गरीब पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो आणि मोत्यांची थैली त्याच्या हातात ठेवतो. हा पिचलेल्या लोकांच्या देशातला आहे आणि मीही त्याच देशाचा, असं तो अरोनॅक्सला सांगतो. दुसऱ्या कादंबरीत बेटावर अडकलेला हर्बर्ट तापानं मरायला टेकतो. रात्रीतून कुणीतरी टेबलावर क्विनाइनची डबी ठेवून जातं. ठेवणारा दिसत नाही. पण मोत्यांची थैली लक्षात असलेल्याला हात ओळखता यावा.

मग कळतं, नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७च्या उठावात घरदार गमावलेला. तो टिपूच्या नात्यातला, असंही व्हर्न सांगतो. ते काही पटत नाही. पण बुंदेलखंड म्हटल्यावर आपल्याला झाशी आठवते आणि या माणसाचा संताप लगेच समजतो. गंमत म्हणजे मुळात व्हर्नच्या मनात नेमो पोलिश होता, रशियावर सूड घेणारा. रशियातले वाचक दुखावतील म्हणून प्रकाशक एत्झेल यांनी ते मानलं नाही, आणि पहिल्या पुस्तकात नेमोचा देश गुलदस्त्यातच राहिला. तरी भारतीय डक्कर उपरा वाटत नाही, कारण त्या पाणबुड्याच्या प्रसंगानं जागा आधीच करून ठेवली होती.

पात्र सलग राहतं ते स्वभावामुळे, असं माझं ठाम मत आहे. तारखा चुकल्या तर तळटीप देता येते. स्वभाव चुकला तर तळटीप कामाची नाही.

ही दोन्ही पुस्तकं जरूर वाचा, पण ‘मिस्टीरियस आयलंड’ नंतर.