यंत्र एकाचें, कसब दुसऱ्याचें
(नभोवाणीवरील भाषण)



माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें व्हिडिओ गेमविषयीं बोलावें, ह्याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मुलांना खेळापासून ओढून पुस्तकाकडे नेण्यांत माझा सारा जन्म गेला. आणि नातवाच्या हातांत तो खेळ दिसला कीं आजहि माझ्या कपाळास आठी पडते. परंतु गेल्या आखाजीला एक प्रसंग घडला, आणि ह्या विषयाकडे मला निराळ्या दृष्टीनें पाहावें लागलें.

धुळ्याच्या शाळेंत माझ्या हाताखालीं शिकलेली एक मुलगी आखाजीसाठीं माहेरीं आली होती. ती पुण्यास असते, व दोन सोबत्यांसह असे खेळ रचण्याचा व्यवसाय करते. तापीकांठचें एक गांव आणि पुरांत वाट चुकलेली एक नाव, अशी त्यांच्या खेळाची कथा आहे. पात्रांच्या तोंडीं अहिराणी घातली आहे. तिघांनीं त्यावर तीन वर्षें खर्च केलीं. जळगांवास मला भेटावयास आली, ती हातांत एक इंग्रजी करारनामा घेऊन. म्हणाली, "गुरुजी, त्रैराशिक तुम्हींच शिकविलें. हा कागद वाचून सांगा, सही करूं कीं नको?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. शब्दकोश जवळ घेऊन तीन दिवस तो कागद वाचला, आणि जें समजलें नाहीं तें तिच्याकडून समजावून घेतलें. गुरूनें शिष्याकडून शिकावें, ह्यांत मला कमीपणा वाटला नाहीं.

प्रथम कन्सोल म्हणजे काय तें सांगतों. दूरचित्रवाणीच्या संचास जोडावयाची ती खेळाची पेटी. आज जगांत ह्या पेट्या काढणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच आहेत: सोनी, निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्ट. पेटी कंपनीची असते, परंतु तिच्यावरील पुष्कळसे खेळ बाहेरचे लोक रचतात. हे बाहेरचे लोक आपला माल वाटेल तेथें मांडीत असतील, असें आपणांस वाटेल. पण तसें नाहीं. पेटीवाल्या कंपनीनें परवाना द्यावा, खेळ तपासून पसंत करावा, आणि मग तो तिच्या दुकानांतून अगर तिच्या परवान्याच्या तबकडीवर विकला जावा, असा क्रम आहे. दुकानांतील विक्रीच्या शंभर रुपयांतून सामान्यतः सुमारें तीस रुपये कंपनी ठेवून घेते.

अशाच एका कंपनीनें माझ्या विद्यार्थिनीला आगाऊ रक्कम देऊं केली होती. कंपनीचें नांव किंवा करारांतील आंकडे सांगण्याचा मला अधिकार नाहीं. म्हणून कल्पित आंकडे घेतों. खेळाची किंमत हजार रुपये धरा. तीनशें कंपनीचे, सातशें रचणाऱ्यांचे. आगाऊ रक्कम एकवीस लाख असेल, आणि ती त्या सातशेंतून प्रथम फेडून घ्यावयाची असेल, तर तीन हजार प्रति खपेपर्यंत रचणाऱ्यांच्या हातीं नवा पैसा पडत नाहीं. हा हिशेब कठोर आहे, पण त्यांत लबाडी नाहीं. माझें बोट अडलें तें पुढच्या कलमावर: हा खेळ एक वर्षपर्यंत दुसऱ्या कोणत्याहि यंत्रावर आणूं नये.

तें कलम वाचून मला आपली कपाशी आठवली. कपाशी शेतकऱ्याची, पण सरकी काढल्याखेरीज तिची रुई होत नाहीं, आणि सरकी काढणारें यंत्र जिनवाल्याचें. गांवाच्या आसपास चार जिन असले आणि ते एकमेकांशीं चढाओढ करीत असले, म्हणजे गाडीवान गाडी वळवूं शकतो. पण पूर्वी वऱ्हाड-खानदेशांत जिनवाले एकत्र येऊन 'पूल' करीत, तेव्हां गाडी कोठेंहि वळविली तरी दर तोच. यंत्र एकाचें आणि कसब दुसऱ्याचें असेल, तेथें रचणाऱ्याचें बळ त्याच्या कसबावर जितकें अवलंबून असतें, तितकेंच दुसरें दार जवळ आहे कीं नाहीं ह्यावरहि असतें. खेळाच्या धंद्याचा इतिहास हेंच सांगतो.

१९७७ सालीं अमेरिकेंत अटारी कंपनीनें आपली प्रसिद्ध पेटी विक्रीस काढली, तेव्हां तिचे खेळहि तीच करी. खेळ रचणाऱ्या नोकरांचें नांव खोक्यावर येत नसे, आणि खेळ कितीहि खपला तरी त्यांना त्यांत वांटा नसे. ह्याला कंटाळून चार जण बाहेर पडले आणि १९७९ त ॲक्टिव्हिजन ही कंपनी निघाली. दुसऱ्याच्या पेटीसाठीं स्वतंत्रपणें खेळ रचणारी ती पहिली कंपनी. अटारीनें खटला भरला. तो १९८२ त तडजोडीनें मिटला आणि बाहेरच्यांचा मार्ग मोकळा झाला. पण मोकळ्या मार्गानें चांगले तसे वाईटहि येतात. टाकाऊ खेळांचा बाजारांत इतका पूर आला कीं गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला, आणि १९८३ त अमेरिकेंतील हा धंदा कोसळला. हें मी मुद्दाम सांगतों. दारावर राखणदार असणें हेंच मुळीं वाईट, असें म्हणणें सोपें आहे, पण खरें नाहीं.

ह्या पडझडीचा धडा जपानच्या निन्टेन्डोनें घेतला. १९८५ त तिनें आपली पेटी अमेरिकेंत आणली, ती आंत कुलूप घालूनच. पेटींत एक चिप आणि खेळाच्या कॅसेटींत तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली तरच खेळ सुरू व्हावयाचा. परवाना घेणाऱ्यांस अटी अशा होत्या: वर्षांत पांचच खेळ काढावे, काढलेला खेळ दोन वर्षें दुसऱ्या पेटीवर नेऊं नये, कॅसेटी निन्टेन्डोकडूनच करवून घ्याव्या, त्यांची मागणी हजारोंनीं नोंदवावी आणि पैसे आगाऊ द्यावे. माल पडून राहिला तर तोटा खेळवाल्याचा. अमेरिकेंतील बाजाराचा शेंकडा ऐंशींहून अधिक भाग ह्या एका कंपनीच्या हातीं होता; तेव्हां नाहीं म्हणण्याची सोय कोणास होती? कोनामीसारख्या मोठ्या कंपनीलाहि पांचांच्या मर्यादेंतून वाट काढण्यासाठीं 'अल्ट्रा' ह्या दुसऱ्या नांवानें खेळ काढावे लागले.

मग ह्या अटी सैल कशा झाल्या? कंपनीला उपरति झाली म्हणून नव्हे. १९८९ त सेगा कंपनीची नवी पेटी अमेरिकेंत आली आणि खेळवाल्यांस दुसरें दार मिळालें. शिवाय सरकारी चौकशीचा धाकहि होता. १९९० च्या सुमारास निन्टेन्डोनें दोन वर्षांची अट सोडली. पुढें सेगानेंहि आपल्या पेटीला कुलूप घातलें, तेव्हां ॲकोलेड नांवाच्या कंपनीनें त्याची रचना अभ्यासून तें उघडलें. १९९२ त अमेरिकेंतील अपील न्यायालयानें निर्णय दिला कीं, आपला खेळ त्या पेटीवर चालावा एवढ्यासाठीं यंत्राची रचना उलगडून पाहणें हा कॉपीराइटचा भंग नव्हे. १९९४ च्या डिसेंबरांत सोनीनें जपानांत प्लेस्टेशन काढलें. महाग कॅसेटीच्या जागीं स्वस्त तबकडी आली, आणि वर्षानुवर्षें निन्टेन्डोच्या पेटीशीं निगडित असलेल्या स्क्वेअर कंपनीनें 'फायनल फॅन्टसी'चा सातवा भाग १९९७ त प्लेस्टेशनवर काढला.

येथें सज्जन आणि दुर्जन अशी वांटणी मात्र करूं नये. जी सोनी खेळवाल्यांना मुक्तिदात्री वाटली, तीच पुढें वरचढ झाल्यावर दार लावून बसली. 'फोर्टनाइट' हा खेळ आपल्या पेटीवरील मुलांनीं निन्टेन्डोच्या अगर मायक्रोसॉफ्टच्या पेटीवरील मित्रांबरोबर खेळावा, ह्यास तिनें २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत संमति दिली नाहीं. म्हणून मी म्हणतों, दोष कोणा एका कंपनीच्या स्वभावांत नाहीं. दार एकच उरलें कीं राखणदाराचा मालक होतो.

हें सारें परदेशचें झालें. आतां आपल्या पुण्याकडे येऊं. पुण्यांत २०१७ सालीं नॉडिंग हेड्स गेम्स ही लहानशी मंडळी उभी राहिली. त्यांनीं 'राजी' नांवाचा खेळ रचला. प्राचीन भारतांत आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ती गोष्ट. तींत देवदेवता, भित्तिचित्रें आणि छायाबाहुल्या आहेत. लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला, तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. १८ ऑगस्ट २०२० रोजीं निन्टेन्डोनें आपल्या जाहीर कार्यक्रमांत तो खेळ दाखविला, आणि त्याच दिवशीं तो तिच्या 'स्विच' ह्या पेटीवर विक्रीस आला. इतर पेट्यांवर व संगणकावर तो आला १५ ऑक्टोबरला. त्या वर्षींच्या 'द गेम अवॉर्ड्स' ह्या पारितोषिकांत पदार्पणाच्या खेळांमध्यें त्याचें नामांकनहि झालें.

ह्या गोष्टीला दोन बाजू आहेत. ज्या दारानें पुण्याच्या ह्या मंडळींस एका दिवसांत जगापुढें नेलें, त्या दाराचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु त्या वेळीं 'स्विच'ची अधिकृत विक्री आपल्या देशांत नव्हती. पुण्यांत रचलेला आणि भारताचीच कथा सांगणारा खेळ पहिले आठ आठवडे अशा पेटीवर होता, जी पुण्याच्या घरांतून सहसा आढळत नसे. पुढें २०२३ त सोनीनें भारतीय खेळकर्त्यांना साहाय्य करण्याची 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' ही योजना काढली. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ति' हा खेळ तींत निवडला गेला. साहाय्य चांगलेंच, पण साहाय्य देणारा आणि दाराची किल्ली बाळगणारा एकच असला, म्हणजे घेणाऱ्यानें कागद दोनदां वाचावा.

आपल्या जळगांव-धुळ्याकडे कन्सोल थोड्याच घरांत आहे, पण मोबाईल खेड्यापाड्यांतून पोंचला आहे, आणि प्रश्न तेथेंहि तोच आहे. गूगलनें आपल्या प्ले स्टोअरच्या बळाचा गैरवापर केला, असा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें ९३६ कोटि ४४ लक्ष रुपयांचा दंड ठोठावला. पुढें अपिलांत ती रक्कम बरीच कमी झाली. परंतु दाराच्या मालकासहि जाब विचारतां येतो, एवढें त्यांतून दिसलें.

आपल्या भागास ही कल्पना नवी नाहीं. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापसाच्या बाजारांचा कायदा झाला आणि त्याखालीं धुळ्यास नियंत्रित बाजार सुरू झाला. त्यानें व्यापारी हांकलले नाहींत, कीं जिन बंद केले नाहींत. वजनमाप व कपात ह्यांना नियम लावले आणि बाजारसमितींत शेतकऱ्यालाहि बसावयास जागा दिली. बाजार मोडावयाचा नसतो. त्यांत माल आणणाऱ्याचा शब्द ऐकला जाईल अशी व्यवस्था करावयाची असते. खेळांच्या बाजारालाहि ह्याहून निराळें औषध मला दिसत नाहीं.

शेवटीं माझ्या विद्यार्थिनीला मीं काय सांगितलें? कागद फाडूं नकोस, असें सांगितलें. तीन वर्षें बिनपगारी राबलेल्या मुलांना आगाऊ पैशाची किंमत मी काय सांगणार? त्यांतील एकाच्या वडिलांनीं ह्या कामापायीं शेताचा तुकडा गहाण ठेवला आहे. म्हणालों, "पोरी, पैसे घे, पण दोन गोष्टी लिहून माग. वर्षाचे तीन महिने कर म्हणावें. आणि कथा, पात्रें व भाषा ह्यांवरील हक्क तुमचाच राहील, असें स्पष्ट लिहून घे. खेळ त्यांच्या पेटींत राहूं दे. गांव मात्र आपलेंच राहिलें पाहिजे."

ती कांहीं वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि गुरुजी, ते नाहीं म्हणाले तर?" ह्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. दुसरें दार उघडें असतें तर तिला हा प्रश्न पडला नसता.

तिनें पत्र पाठविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. आमच्या घरीं नातू आतां अधूनमधून विचारतो, "आजोबा, ताईचा तो तापीचा खेळ केव्हां येणार?" आणि मी, ज्यानें आयुष्यभर खेळ बंद करा म्हणून सांगितलें, त्याला म्हणतों, "येईल बाळ, थोडा धीर धर."