गांधीलमाशीचं पोळं आणि माझा शहाणपणा

आजचा विषय आमच्या ग्रिलमधला आहे.

घणसोली गावात दोन बिल्डिंगमध्ये अंतर किती, तर समोरच्याची भाजी कसली शिजतेय ते कळतं. तिथेच, आमच्या एसीच्या मागे, गांधीलमाश्यांनी पोळं केलं. शेजारचे काका म्हणाले, “आरं, जालून टाक ना!” मी काठीला फडकं बांधलं, थिनर ओतलं, पेटवलं. माश्या उठल्या आणि गेल्या थेट खालच्या गॅलरीत. तिथे सात वर्षांचा मुलगा अभ्यासाला बसलेला. तीन डंख. दहा मिनिटांत ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. रिक्षा, हॉस्पिटल, इंजेक्शन. तो वाचला. त्याची आई माझ्याशी अजून धड बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

नंतर मी जरा वाचलं. व्हिडिओत दिसते ती ‘यलो जॅकेट’ थंड प्रदेशातली, आपल्याकडे हिमालयात सापडते. ती बरेचदा जमिनीत पोळं करते, त्यामुळे बिळात औषध ओता वगैरे सल्ले इथे फुकट. आपल्याकडे छज्जाखाली, देठाला उलटं टांगलेलं, उघड्या षट्कोनी घरांचं कागदी पोळं दिसतं, ते कागदी गांधीलमाशीचं. लाकूड चावून लगदा करते ती. काळ्या अंगावर पोटाला जाड पिवळा पट्टा असलेली मोठी माशी दिसली तर मात्र लांबच राहा. आणि भिंतीवर, स्विचबोर्डजवळ मातीचे गोळे करते ती कुंभारीण. एकटी राहते, पिल्लांसाठी कोळी भरून ठेवते, सहसा चावत नाही. तिला उगाच मारतात लोक.

मधमाशीचा काटा कातडीत अडकतो, गांधीलमाशीचा नाही. म्हणून तीच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते.

पोळं लिंबाएवढं असेल, एखादीच माशी असेल, तर ती उडून गेल्यावर झाडूनं पाडता येतं. मोठं झालं की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, खालच्या-वरच्या घरांना आधी सांगा, खिडक्या लावून घ्या. दगड, पाणी, धूर, आग काही नको. आणि कोणाच्या वाटेत नसेल तर राहू द्या की, झाडावरच्या अळ्या खातात त्या.

डंख बसला तर साबणानं धुवा, बर्फ लावा, अंगठी-बांगडी काढा. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या उठल्या, चक्कर आली, श्वास अडकला, किंवा डंख तोंडात-घशात असेल, तर हळद-चुना लावत बसू नका. लगेच 108, किंवा रिक्षा मिळेल ती.

आमच्या एसीमागे यंदा पुन्हा एक माशी घिरट्या घालतेय. या वेळी खाली जाऊन आधी त्या ताईंना सांगून आलो.