तिसरं पान कुणाचं?

(नागपूर येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी जेवणाबद्दल बोलणार आहे. स्वयंपाकाबद्दल नाही; तो आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. घास तोंडात घालण्याआधी आणि जेवण झाल्यावर माणसं देवाचे आभार कसे मानतात, आणि त्या वेळी पंगतीत कोण बसलेलं असतं, याबद्दल बोलायचं आहे.

एम.एस.डब्ल्यू. करताना माझी एक मैत्रीण बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू होती. घर अलिबागकडचं, आडनाव गावावरून पडलेलं, भाषा आपलीच. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवत. शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, थोडी इथे राहिली.

तिच्या बहिणीच्या लग्नाआधी त्यांच्याकडे 'मलिदा' होता. मलिदा म्हटलं की आपल्याला पुढारी आठवतात! यांचा मलिदा म्हणजे मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचं स्मरण करायचं, आभार मानायचे आणि मग सगळ्यांनी खायचं. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकून स्वर्गात गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे.

खाण्याआधीच्या या आशीर्वचनाला हिब्रूत 'बेराखा' म्हणतात. गंमत म्हणजे सगळ्या पदार्थांना एकच बेराखा चालत नाही. पावाला वेगळी, झाडाच्या फळाला वेगळी, जमिनीतून येणाऱ्या भाजीपाल्याला वेगळी, द्राक्षाच्या रसाला वेगळी. वाईन मिळत नसे तिथे आपल्या कोकणातल्या ज्यूंनी मनुका भिजवून सरबत केलं आणि त्यावर बेराखा म्हटली. पेरू झाडाचं फळ; पण केळं जमिनीचं धरतात, कारण केळीचा खांब एकदा घड देतो आणि संपतो. शेतात राबलेल्या बाईला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मला हे फार आवडलं. पुढ्यातला घास कुठून आला याचा विचार केल्याशिवाय तो खायचाच नाही! पण त्या घरी मी आणखी एक पाहिलं. पोहे भिजवले बायकांनी, नारळ खोवले बायकांनी, फळं रचली बायकांनी. ताटाभोवती बसून बेराखा म्हणणारे मात्र सगळे पुरुष होते. झाडाचे आभार मानले, जमिनीचे मानले. खोवणारे हात त्यात आले नाहीत.

ज्यूंना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. माझे आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालत. तो मान मुंज झालेल्या पुरुषांचा. आजी तेव्हा वाढत असायची.

पुढे त्या मैत्रिणीकडून आणि पुस्तकांतून मी या नियमांविषयी समजून घेतलं. 'मिश्ना' हा ज्यूंचा धर्मनियमांचा ग्रंथ सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झाला. त्याचं पहिलंच प्रकरण आशीर्वचनांचं आहे. काही प्रार्थनांतून तिथे बायकांना सूट आहे. जेवणानंतरचे आभार मात्र बाईनेही मानलेच पाहिजेत. या आभारांचा आधार असलेली मूळ आज्ञा खाऊन तृप्त झालेल्या माणसाला आहे. म्हणजे बाई बसली आहे, जेवली आहे, तिचं पोट भरलं आहे, हे नियमाने गृहीत धरलंय! ते कर्तव्य आहे, पण मला त्यात हक्क दिसतो.

त्याच प्रकरणात पुढे दुसरा नियम येतो. तिघं एकत्र जेवले तर त्यांनी एकमेकांना आभार मानायला बोलवावं. मात्र बायका, गुलाम आणि लहान मुलं यांना त्या तिघांत मोजू नये. जेवली तरी ती मोजायची नाही. पण नंतरच्या 'तालमूद' ग्रंथात असंही मान्य केलंय की बायका आपल्या आपल्यात जमून एकमेकींना बोलवू शकतात.

आणि काळ बदलतो. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. १९२५ साली मुंबईत उदारमतवादी ज्यूंची संस्था उभी राहिली, त्यात त्या पुढे होत्या. आज जगभरच्या सुधारणावादी ज्यू पंथांत बायकांनाही मोजतात.

आता आपल्याकडे येऊ. वस्तीत घरभेटीला गेले की मी विचारते, "ताई, तुम्ही कधी जेवता?" बहुतेकजणी हसतात. "सगळ्यांचं झालं की." काय जेवता? "उरलं ते." कुठे बसून? "बसून कशाला, भांडी आवरता आवरता." २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गोळ्या वाटायलाच हव्यात, मी स्वतः वाटते. पण रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून ती डब्यातच राहते. ज्या बाईने ताट वाढून घेतलंच नाही, तिला आम्ही "जेवणानंतर गोळी घ्या" असं सांगतो!

एका वस्तीत आम्ही साधी गोष्ट सुरू केली. बुधवारी दुपारी प्रत्येकीने आपली भाकरी-भाजी घेऊन यायचं, आधी जेवायचं, मग बैठक. सुरुवातीला डबे उघडेनात. कुणाच्या डब्यात नुसती चटणी, त्याची लाज. एका आजीबाईंनी सगळ्यांचं एकत्र कालवलं आणि प्रश्न मिटला. तिसऱ्या बुधवारी एक सून म्हणाली, "ताई, लग्न झाल्यापासून मांडी घालून पहिल्यांदाच जेवतेय." तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

कुठल्या देवाचं नाव घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे जिचं तिने ठरवावं. माझं मागणं लहान आहे. आज घरी गेल्यावर पानं मोजा. जिने रांधलं तिचं पान मांडलंय का बघा. नसेल तर कुणी घास घेण्याआधी मांडा, आणि तिला बसायला लावा. ती बाई तुम्ही स्वतः असाल, तरीसुद्धा.