त्रास नसला तरी लघवीची तपासणी

दिवस गेल्याचं कळलं की रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. लघवीही तपासली जाते. पण बहुतेक वेळा प्रथिनं आणि साखर पाहण्यापुरतीच. लघवीत जंतू वाढताहेत का, हे त्यातून खात्रीनं कळत नाही.

शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण दोन ते दहा जणींच्या लघवीत जंतू वाढत असतात आणि त्यांना कसलाच त्रास नसतो. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखणं नाही. उन्हाळी लागली की बाई निदान घरात बोलून तरी दाखवते. इथे बोलण्यासारखं काही घडतच नाही.

हे जंतू बहुधा ई. कोलाय जातीचे, म्हणजे आपल्याच आतड्यात राहणारे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे ते मूत्राशयात सहज शिरतात. एरवी त्रास नसेल तर अशा जंतूंवर सहसा औषधही देत नाहीत. गरोदरपणाची गोष्ट वेगळी. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या सैलावतात. त्यातच वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाब आणतं, उजव्या बाजूला जरा जास्तच. लघवी तुंबते आणि जंतूंना वर मूत्रपिंडापर्यंत जायला वाट मिळते.

उपचार झाले नाहीत, तर अशा चौघींपैकी एकीला पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होऊ शकतो. मग हुडहुडी भरून ताप येतो, कुशीत आणि पाठीत कळा येतात, उलट्या होतात. दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोकाही वाढतो. वेळेवर औषध घेतलं, तर यातलं बरंचसं टळतं.

त्यासाठी लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करायची. पहिल्याच भेटीत किंवा तिसरा-चौथा महिना चालू असताना ती करून घ्यावी. नमुना नीट घेणं फार महत्त्वाचं. हात धुवा, लघवीची जागा स्वच्छ पाण्यानं पुढून मागे धुवा. लॅबनं दिलेली निर्जंतुक डबीच वापरा. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. डबीला आतून बोट लागू देऊ नका. सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली धार डबीत घ्या. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. अहवाल दोन-तीन दिवसांनी मिळतो आणि कोणतं औषध लागू पडेल, हेही त्यात कळतं.

जंतू निघाले तर घाबरू नका. गरोदरपणात देता येतील अशी सुरक्षित प्रतिजैविकं आहेत. कोर्स बहुधा पाच ते सात दिवसांचा असतो. ‘मला काही होतच नाही, मग गोळ्या कशाला?’ असं म्हणून तो अर्धवट सोडू नका. दुकानातून मनानं गोळ्या तर मुळीच आणू नका. टेट्रासायक्लिनसारखी काही औषधं बाळाला अपायकारक असतात. सब्जाचं किंवा धन्याचं पाणी खुशाल प्या, पण वाढलेले जंतू त्यानं जात नाहीत. कोर्स संपल्यावर आठवड्याभरानं पुन्हा कल्चर करा.

ज्यांना मधुमेह आहे किंवा आधी लघवीचा संसर्ग होऊन गेला आहे, त्यांनी अधिक जागरूक राहावं. सिकलसेलच्या रुग्णांनीही; हा आजार जिथे जास्त आढळतो त्या नंदुरबार आणि गडचिरोलीकडच्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावं.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे जा आणि कल्चर तपासणी कुठे होईल, हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा. सासूबाईंनी, नवऱ्यानंही याची आठवण द्यावी. त्रास होण्याची वाट पाहू नका. या गरोदरपणात ही तपासणी एकदा तरी नक्की करून घ्या.