१८ हजारांची रॅकेट घ्यायची, पण हात तेवढा तयार आहे का?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे बोललो तेच आहे, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

आज गप्पा कमी, थेट मुद्दा. गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, अप्रेझल झालंय. दीड-दोन वर्षं बॅडमिंटन खेळतोय. आता टॉपची रॅकेट घेऊन टाकू का?"

टॉपची म्हणजे कुठली, ते तुम्हाला माहितीच आहे. योनेक्सची ॲस्ट्रॉक्स १०० झेडझेड किंवा त्या रांगेतली दुसरी कुठली तरी. १५ ते २० हजारांच्या घरातली. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी सहाच्या बॅचला मुलुंडच्या कालिदासशेजारच्या संकुलात, अंधेरीच्या शहाजीराजे संकुलात नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये खेळणाऱ्या माणसासाठी ही रक्कम छोटी नाही. नवीन नोकरीत तर नाहीच. आणि पैसे हा अर्धाच भाग झाला. चुकीची रॅकेट कोपर आणि खांदा धरते, ते नंतर सुटता सुटत नाही.

मी काही कोच नाही. सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, खेळतो मनापासून. पण हा प्रश्न नीट मोजून सोडवता येतो, आणि आज तेच करूया.

महाग म्हणजे चांगली?

मोबाईलचं गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. महाग फोन म्हणजे जास्त चांगला कॅमेरा, जास्त वेगवान प्रोसेसर. ४० हजारांचा फोन १० हजारांच्या फोनपेक्षा कोणाच्याही हातात चांगलाच चालतो, तुमच्याही आणि तुमच्या आजीच्याही. रॅकेटचं तसं नसतं. महागडी रॅकेट एका विशिष्ट प्रकारच्या हातासाठी बनवलेली असते. तो हात तुमचा नसेल, तर ती तुमच्यासाठी स्वस्त रॅकेटपेक्षा वाईट ठरू शकते.

कसं ते बघा. १०० झेडझेडवर तीन गोष्टी कळतात. एक, ती हेड हेवी आहे, म्हणजे वजन डोक्याकडे झुकलेलं. दोन, शाफ्ट एक्स्ट्रा स्टिफ, म्हणजे दांडी खूप कडक. तीन, वजनाचा आकडा, ४ यू किंवा ३ यू. ४ यू म्हणजे साधारण ८० ते ८४ ग्रॅम, ३ यू म्हणजे ८५ ते ८९. फरक पाच ग्रॅमचा. आता गंमत बघा, नियमाप्रमाणे शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असतं. म्हणजे दोन्हींमधला फरक साधारण एका शटलएवढा! दुकानात हातात धरून तो कळतही नाही. तिसऱ्या गेमला, घामाने हात ओला झाल्यावर कळतो.

आता शाफ्ट. तुम्ही रॅकेट जोरात पुढे आणता तेव्हा दांडी आधी किंचित मागे वाकते आणि मग पुढे येते. शटलला लागायच्या क्षणी ती पुढे येत असेल, तर थोडा जास्तीचा वेग मिळतो. पण कडक दांडी वाकवायला हाताचा वेग लागतो. वेग नसेल तर ती वाकतच नाही आणि हातात फळी धरल्यासारखं वाटतं. मग माणूस काय करतो? खांद्याने ढकलतो, दात-ओठ खाऊन मारतो. शटल मध्येच पडतं आणि संध्याकाळी कोपर दुखतं. मऊ दांडी कमी वेगातही वाकते, म्हणून नवीन खेळाडूला तीच जास्त मदत करते.

आणि दांडीचा वाटा तसा छोटाच असतो. स्मॅशचा खरा वेग येतो खांदा आतल्या बाजूला फिरण्यातून आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वळण्यातून. हे दुकानात मिळत नाही.

पण ॲक्सेलसन तर तीच वापरायचा!

हो, वापरायचा. टोकियो आणि पॅरिस, दोन ऑलिम्पिकमध्ये सिंगल्सचं सुवर्ण जिंकलेला व्हिक्टर ॲक्सेलसन १०० झेडझेडने खेळला. पण त्याची उंची १९४ सेंटीमीटर आहे आणि तो लहानपणापासून रोज हेच करत आला. ती रॅकेट त्याच्यासारख्या खांद्यासाठी आहे.

आता दुसरं उदाहरण, घरातलं. आपला सात्विकसाईराज रंकीरेड्डी. उपनगरांतल्या कोर्टांवर घडलेल्या आपल्या चिराग शेट्टीचा पार्टनर. सात्विकने १४ एप्रिल २०२३ ला जपानमध्ये योनेक्सच्या कारखान्यात झालेल्या चाचणीत ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारला. गिनेस रेकॉर्ड. अर्थात हा वेग शटल रॅकेटवरून सुटतानाचा, पुढे पिसांमुळे तो झपाट्याने कमी होतो. पण रॅकेट कोणती होती? नॅनोफ्लेअर १००० झेड. ती हेड लाइट आहे, डोकं हलकं! म्हणजे "स्मॅश हवा तर हेड हेवीच घ्यावी लागते" ही जी कोर्टावरची म्हण आहे, तिला जगातल्या सगळ्यात वेगवान स्मॅशनेच उत्तर दिलंय. दांडी मात्र तिचीही कडकच, कारण हात सात्विकचा आहे.

आणि थोडं मागे जाऊया. सांगलीचे नंदू नाटेकर. १९५६ साली क्वालालंपूरमध्ये परदेशातलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, १९६१ चे पहिल्या तुकडीतले अर्जुन पुरस्कार विजेते. तो जमाना लाकडी फ्रेमच्या रॅकेटचा. आजची २ हजारांची ग्राफाइट रॅकेट त्या रॅकेटपेक्षा कितीतरी हलकी आहे. हे मी "जुनं ते सोनं" म्हणून सांगत नाहीये. एवढंच म्हणतोय की तुमच्या आणि चांगल्या खेळाच्या मध्ये सध्या उभी आहे ती रॅकेट बहुतेक नसणार.

आता स्वतःला मोजा

"मी इंटरमिजिएट आहे" हे वाक्य मुंबईत प्रत्येक जण म्हणतो. नवशिक्याही म्हणतो, जिल्हा पातळीवर खेळलेलाही म्हणतो. त्यामुळे लेबल सोडा. या चार टेस्ट करा, तुमच्या सध्याच्याच रॅकेटने.

पहिली टेस्ट, टॉसची. क्लिअर, ज्याला आपण टॉस म्हणतो. मागच्या रेषेजवळ उभे राहा, मित्राला उंच शटल द्यायला सांगा आणि समोरच्या मागच्या रेषेपर्यंत दहा टॉस मारा. कोर्टाच्या शेवटी दोन रेषा असतात, डबल्सच्या लांब सर्व्हिसची आणि सगळ्यात मागची. मधलं अंतर ७६ सेंटीमीटर. दहातले सात त्या पट्ट्यात, उंचावरून आणि न धापता पडले पाहिजेत. चारच पडत असतील, तर कडक शाफ्टचा विचार तूर्तास बंद. सात हा आकडा माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. पण मागून मागे टॉस जात नसताना स्मॅशची रॅकेट घेणं म्हणजे लोकलमध्ये चढता येत नसताना फर्स्ट क्लासचा पास काढणं.

दुसरी टेस्ट, गटिंगची. तुमच्या रॅकेटचं गटिंग कुठे झिजलंय ते बघा. मधे, किंवा मध्याच्या किंचित वर झिजलं असेल तर छान. कडेला, फ्रेमजवळ तुटत असेल तर तुमचे मिस-हिट जास्त आहेत. हा पुरावा खोटं बोलत नाही. आणि महागड्या रॅकेटवर लोक लगेच २८ पौंडाचं गटिंग मारून घेतात. ताण जितका जास्त, तितकी चांगला फटका बसणारी जागा छोटी. कडेला मारणाऱ्याने ताण वाढवला की शटलही जात नाही आणि झटका थेट कोपराला. आपल्यासारख्यांना २२ ते २४ पौंड पुरे.

तिसरी टेस्ट, मोबाईलची. खिशात स्लो मोशन कॅमेरा आहे, तो रील्सशिवायही वापरता येतो. बाजूने शूट करा. शटल डोक्याच्या वर आणि थोडं पुढे लागतंय का, की कानामागे? हात पूर्ण सरळ होतोय का? ग्रिप तव्याचा दांडा धरल्यासारखी तर नाही ना? यातलं एक जरी बिघडलेलं असेल, तरी ते सुधारण्यात जेवढी ताकद मिळेल तेवढी कुठलीच रॅकेट देणार नाही.

चौथी टेस्ट, दमल्यावरची. दीड तासाच्या स्लॉटच्या शेवटच्या वीस मिनिटांत तुमचा डिफेन्स बघा. आपण बहुतेक जण डबल्स खेळतो. समोरून अंगावर स्मॅश आला की रॅकेट पटकन वर यायला हवी. डोकं जड असेल तर ती उशिरा येते. स्मॅशमध्ये कमावलेले दोन पॉइंट डिफेन्समध्ये पाच जातात.

मित्राची रॅकेट मागा, पण नीट

बॅचमध्ये कोणाकडे तरी ती रॅकेट असतेच. एक गेम मागून घेतला, दोन स्मॅश बसले, आणि घरी जाताना कार्टमध्ये रॅकेट! असं करू नका. पहिल्या वीस मिनिटांत कुठलीही नवीन वस्तू भारीच वाटते. कमीत कमी दोन पूर्ण दिवस खेळा. त्या रॅकेटवर ताजं गटिंग आहे आणि तुमच्यावर आठ महिन्यांचं ढिलं झालेलं, तर तुम्ही रॅकेट नाही, गटिंग तपासताय. आम्ही कोड तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तसंच. म्हणून आधी तुमच्याच रॅकेटला नवीन गटिंग आणि नवीन ग्रिप लावा. बऱ्याच जणांचा शोध तिथेच संपतो, हजाराच्या आत-बाहेर.

मग पैसे कुठे घालायचे?

माझा क्रम असा. आधी शूज. कितीतरी जण रनिंग शूज घालून खेळतात. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झेप घेतली की घोटा मुरगळतो. नॉन-मार्किंग, गम सोलचे बॅडमिंटनचे शूज घ्या. मग दोन-तीन महिने कोचिंग, निदान फूटवर्क आणि टॉसपुरतं. मग रॅकेट, ३ ते ५ हजारांतली, ४ यू किंवा ५ यू, दांडी मऊ किंवा मध्यम, वजन समतोल. ग्रिप जी ५ की जी ४, हे हातात धरून ठरवा. जी ५ थोडी बारीक असते, वरून ओव्हरग्रिप लावायला जागा राहते आणि मुंबईच्या घामात ती लागतेच. यासाठी एक शनिवार धोबी तलावला जा. मरीन लाइन्सला उतरा, मेट्रोजवळ स्पोर्ट्सची दुकानं रांगेने आहेत. दहा रॅकेट हातात घेऊन बघता येतात. पक्कं बिल घ्या, कारण महागड्या मॉडेलच्या नकली रॅकेट बाजारात भरपूर आहेत.

अजून एक हिशेब. डबल्समध्ये पार्टनरची रॅकेट तुमच्या रॅकेटवर आपटते, हे कधी ना कधी होतंच. कार्बन फ्रेमला तडा गेला की खेळ संपला. वॉरंटी बहुतेक वेळा बनावटीतल्या दोषाची असते, आपटण्याची नाही. ४ हजारांची तुटली तर वाईट वाटतं. १८ हजारांची तुटली तर पार्टनरशी बोलणं बंद होतं.

कोणी घ्यावीच?

घ्यावी की! दहातले आठ टॉस मागे जातायत, गटिंग मधेच तुटतंय, आठवड्यातून चार दिवस खेळताय, आणि सध्याची मऊ दांडी जोरात मारल्यावर हातात डगमगते, शटल नेमकं जात नाही असं वाटतंय? मग तुमचा हात रॅकेटच्या पुढे गेलाय. तेव्हा बिनधास्त घ्या. तिथेही आधी स्टिफ, मग एक्स्ट्रा स्टिफ, अशी पायरीने जा.

आणि कोणी म्हणेल, "मला फक्त आवडते म्हणून हवी." तेही चालतं, पैसे तुमचे आहेत. फक्त खेळ सुधारेल म्हणून घेतोय असं स्वतःला सांगू नका, आणि गटिंग कमी ताणाचं ठेवा. कोपर किंवा खांदा दोन आठवड्यांच्या वर दुखत असेल, तर रॅकेटची चर्चा बाजूला ठेवून फिजिओकडे जा.

या आठवड्यात एवढंच करा, टॉसची टेस्ट. दहातले किती, तो आकडा मला व्हॉइस नोटवर पाठवा. खोटा आकडा पाठवलात तरी मला कळणार नाही, तुमच्या कोपराला कळेल. पुढच्या भागात कोर्टाच्या स्लॉटसाठी पहाटे चाललेल्या युद्धावर बोलू. चला, भेटूया, काळजी घ्या!