शरीराचे विभाग आणि शरीराचें ऐक्य

मनुष्यदेहाच्या अभ्यासाचें कोणतेंहि पुस्तक उघडलें तर त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. प्रथम अस्थिसंस्था, मग स्नायुसंस्था, त्यापुढें रुधिराभिसरण, श्वसन, पचन, उत्सर्जन, मज्जासंस्था, अंतःस्रावी ग्रंथि आणि अखेरीस जननसंस्था, अशीं प्रकरणें एकामागून एक येतात. विद्यार्थी एक प्रकरण पुरें करतो, पान उलटतो आणि दुसऱ्यास आरंभ करतो. ही वाटणी सोयीची आहे यांत शंका नाहीं. परंतु ती अभ्यासकानें केलेली आहे, देहानें नव्हे. एवढी गोष्ट ध्यानांत न राहिल्यास परीक्षेचे गुण मिळतील, पण देह समजणार नाहीं; आणि प्रसंगीं या विस्मरणाची किंमत प्राणांनीं मोजावी लागेल. तें कसें, हें पाहण्यापूर्वीं हा अभ्यास कसा घडत गेला तें थोडक्यांत पाहणें इष्ट होईल.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शवपरीक्षेची रीत दिलेली आहे. अवयवांनीं पूर्ण असें प्रेत निवडावें, मुंज इत्यादि तृणांनीं गुंडाळून पिंजऱ्यांत ठेवावें आणि एकांत जागीं वाहत्या पाण्यांत कुजूं द्यावें. सात रात्री लोटल्यावर वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्यानें हळूहळू घासून त्वचेपासून आंतल्या अवयवांपर्यंत एकेक थर डोळ्यांनीं पाहावा, असें तेथें सांगितलें आहे. शास्त्र वाचावें आणि प्रत्यक्षहि पाहावें, दोहोंच्या मेळानें ज्ञान वाढतें, हा त्यामागील विचार. याच ग्रंथांत हाडांची संख्या ३०० दिली आहे. आजचें शास्त्र प्रौढ मनुष्याचीं हाडें २०६ मानतें. या अंतराचें एक मोठें कारण असें कीं, त्या गणनेंत दांत व कूर्चा यांचाहि समावेश होता. म्हणजे, हाड कशाला म्हणावें हें मनुष्य ठरवितो आणि त्याप्रमाणें संख्या बदलते. सांगाडा मात्र होता तसाच राहतो.

युरोपांत याच्या उलट अनुभव आला. दुसऱ्या शतकांतील गेलन या थोर वैद्यानें माकडें, डुकरें इत्यादि प्राण्यांचें विच्छेदन करून ग्रंथ लिहिले. पुढें सुमारें तेराशें वर्षें तेच ग्रंथ प्रमाण मानले गेले. अध्यापक उच्चासनावरून गेलन वाचीत, खालीं दुसराच कोणी प्रेत कापीत असे, आणि पुस्तक व प्रेत यांचें जमलें नाहीं तर दोष प्रेताकडे जाई! पादुआ येथील तरुण अध्यापक वेसेलियस यानें शस्त्र स्वतःच्या हातीं घेतलें आणि १५४३ सालीं आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्याचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा आहे, अशा अनेक गोष्टी त्यानें दाखवून दिल्या. जो कोणी हनुवटी चाचपून पाहील त्याला जें कळावें, तें कळण्यास तेरा शतकें लागलीं.

येथपर्यंतचा अभ्यास रचनेचा झाला. रचनेवरून कार्य कसें ओळखावें याचा उत्तम धडा विल्यम हार्वे यानें घालून दिला. यकृतांत रक्त नित्य नवें तयार होतें आणि अवयवांत खपून जातें, असें त्या काळीं समजत. पादुआ येथें हार्वेचे गुरु फाब्रिसियस यांनीं शिरांतील झडपा दाखविल्या होत्या. पण त्या कशासाठीं आहेत हें उमगलें नव्हतें. हार्वेनें दंडास पट्टी बांधून शिरा फुगविल्या, बोटानें रक्त पुढें-मागें ढकलून पाहिलें, आणि तें केवळ हृदयाच्याच दिशेनें जातें असें सिद्ध केलें. मग त्यानें साधा त्रैराशिकाचा हिशेब केला. तोच हिशेब आजच्या आंकड्यांनीं असा मांडतां येईल: एका ठोक्यास सुमारें ७० मिलीलिटर रक्त बाहेर पडतें, मिनिटास सुमारें ७० ठोके, म्हणजे मिनिटास जवळजवळ ५ लिटर आणि तासास ३०० लिटर. सबंध शरीरांत तर रक्त असतें अवघें ५ लिटर! इतकें रक्त तासातासाला नवें निर्माण होणें अशक्य. तेव्हां तेंच फिरत असलें पाहिजे. हा सिद्धान्त १६२८ सालीं प्रसिद्ध झाला. रोहिणींतून नीलांत रक्त कोणत्या वाटेनें जातें हें मात्र हार्वेला दिसलें नाहीं. त्या केशवाहिन्या १६६१ सालीं माल्पीघी यानें सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाच्या फुप्फुसांत पाहिल्या.

आपल्या देशांत या नव्या पद्धतीचा आरंभ कलकत्त्यास झाला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत १८३६ सालीं पंडित मधुसूदन गुप्त यांनीं प्रेतास शस्त्र लावलें. ते जातीनें वैद्य आणि आयुर्वेदाचे अध्यापक. तेव्हां त्या एका कृतीस किती धैर्य लागलें असेल याची कल्पना करावी. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें आणि त्याच्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. पुढें १९४९ च्या कायद्यानें मुंबई प्रांतांत बेवारस प्रेतें अभ्यासास देण्याची व्यवस्था लागली. विच्छेदनाच्या मेजावरील तो निःशब्द गुरु नसता, तर पुढील एकहि गोष्ट आज सांगतां आली नसती.

आतां पुस्तकांतले विभाग जिवंत देहांत कसे वावरतात तें पाहावें. एखादा गृहस्थ पुण्याच्या पर्वतीच्या पायऱ्या चढत आहे अशी कल्पना करा. वरवर पाहतां हें काम पायांचें, म्हणजे हाडें व स्नायू यांचें. पण मांड्यांचे स्नायू कामास लागतांच त्यांस अधिक प्राणवायु लागतो. मेंदू पायांस चालण्याची आज्ञा देतो, त्याच वेळीं हृदयास व श्वासासहि इशारा करतो. श्वास वाढतो, फुप्फुसांतील कोट्यवधि वायुकोशांच्या पातळ भिंतींतून प्राणवायु रक्तांत शिरतो. हृदय भराभर चालूं लागतें. पचनसंस्थेकडे जाणारें रक्त कमी होऊन स्नायूंकडे वळतें. म्हणूनच भरल्या पोटीं चढण जड जाते. अधिवृक्क ग्रंथींचा स्राव रक्तांत मिसळतो, यकृत सांठविलेली साखर मोकळी करतें, त्वचा घाम सोडून देह थंड ठेवते. घामावाटे पाणी गेलें कीं मूत्रपिंडें पाणी राखून धरतात. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळून त्यांतलें दीड-दोन लिटर सोडून बाकी सारें परत करणारीं तीं काटकसरी इंद्रियें आहेत. दहा पायऱ्यांत पुस्तकाचीं सात-आठ प्रकरणें येऊन गेलीं. आणि कोणतें कोठें संपलें हें त्या गृहस्थास सांगतां येणार नाहीं.

निरोगी देहांत जें ऐक्य तेंच रोगांतहि. मधुमेह हा पुस्तकांत अंतःस्रावी ग्रंथींच्या प्रकरणांत येतो. कारण स्वादुपिंडांतील इन्सुलिन कमी पडतें किंवा त्याचा उपयोग शरीरास नीट होत नाहीं. परंतु रक्तांत वाढलेली साखर त्या प्रकरणांत कोंडून राहत नाहीं. रक्त जेथें जेथें जातें तेथें ती जाते, आणि डोळ्यांचा अंतःपटल, मूत्रपिंडें, पायांचे ज्ञानतंतु व हृदयाच्या रोहिणी यांस वर्षानुवर्षें अपाय करते. म्हणूनच शहाणा वैद्य मधुमेही मनुष्याचे डोळे तपासतो आणि पायांचे तळवेहि पाहतो. घरच्यांस हें अप्रस्तुत वाटतें. वास्तविक तेंच प्रस्तुत असतें.

याहून निकडीचें उदाहरण हृदयविकाराच्या झटक्याचें. हृदयाच्या रोहिणींत गुठळी अडकून रक्त अडलें म्हणजे दुखणें छातींतच जाणवेल असें नाहीं. तें डाव्या हातांत उतरतें, जबड्यांत जाणवतें, पाठींत किंवा पोटाच्या वरच्या भागांतहि उठतें. याचें कारण मज्जासंस्थेंत आहे. हृदयाकडून येणारे ज्ञानतंतु आणि हाताकडून येणारे कांहीं ज्ञानतंतु पृष्ठरज्जूच्या एकाच भागांत प्रवेश करतात; त्यामुळें वेदना कोठली हें मेंदूस नीट उमगत नाहीं आणि तो ती हाताच्या नांवें मांडतो. घरांतील मंडळी म्हणतात, ‘हात अवघडला असेल’. पोटांत कळ आली तर म्हणतात, ‘पित्त झालें आहे, सोडा द्या, थोडें पडूं द्या.’ आणि ज्या पहिल्या एक-दोन तासांत उपचारानें हृदयाचे स्नायू वांचविणें शक्य असतें, ते तास निघून जातात. ज्याचे ज्ञानतंतु मधुमेहानें बधिर झालेले असतात त्यास तर वेदना मुळींच न होतां केवळ धाप लागते, घाम सुटतो, अशक्तपणा येतो. पुष्कळ स्त्रियांतहि लक्षणें अशींच आडवाटेनें येतात. अशा वेळीं पित्त कीं हृदय याचा निवाडा घरीं करीत बसूं नये. रुग्णास चालवूं नये, ताबडतोब इस्पितळांत न्यावें. पित्तच निघालें तर एक फेरी फुकट गेली, इतकेंच.

सारांश, श्रोतेहो, शरीराचा अभ्यास विभागांनींच करावा लागतो. दुसरा मार्ग नाहीं. मात्र प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस विद्यार्थ्यानें एक प्रश्न स्वतःस विचारावा: हें इंद्रिय कोणाचें घेतें आणि कोणास देतें? आणि ज्यांस वैद्यकाशीं कर्तव्य नाहीं अशा गृहस्थांनीं व गृहिणींनीं निदान इतकें ध्यानांत ठेवावें कीं, जेथें दुखतें तेथेंच दुखण्याचें मूळ असतें असा नियम देहानें केलेला नाहीं.